शरदिनीचा राहून गेलेला मंगळवार

“माणूस गेला तिकडे साताऱ्याला, आणि दार बंद झालं ते माझ्या सरायचं!”

“अगं, सुतक आहे. सुतकात टीव्ही लावतं का कुणी?”

“मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी मला पाहिलं नाही. आपल्या लग्नालासुद्धा आले नव्हते.”

“सुतकाला ओळख लागत नाही. सात पिढ्यांच्या आतलं माणूस. दहा दिवस म्हणजे दहा दिवस.”

“आज शेवटचा भाग आहे हो! आज नाही तर कधीच नाही.”

“मग कधीच नाही.”

यानंतर एक भांडं आपटलं, आणि मग काही ऐकू आलं नाही. आमची मोरी आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक झरोका आहे. घरमालकानं तो धूर जायला ठेवला होता. त्यातून धूर कधी धड गेला नाही, भांडणं मात्र स्वच्छ यायची. त्या दिवशी मी तिथे भांडी घासत होते, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणात माझाही जीव अडकला होता. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेवटचा भाग शरदिनीचा बुडला तसा माझाही बुडला. पण मी पडले शेजारीण. माझं बुडणं कोण विचारतो?

दहा दिवस म्हणणारा तो बाळ. खरं नाव विश्वेश्वर. काशीतल्या मराठी घरांत एखादा विश्वेश्वर असतोच, आणि त्याला त्या नावानं कुणी हाक मारत नाही. देवाच्या नावानं रागावायचं कसं, म्हणून. सत्तरी ओलांडली तरी आमच्या अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात तो बाळच राहिला. रेल्वे इंजिनाच्या कारखान्यात होता. इंजिनाचा एखादा लोखंडी भाग ओतायचा तर तो आधी हुबेहूब लाकडात करावा लागतो म्हणे, मग त्याचा साचा. ते लाकडातलं काम बाळचं. केसभर इकडेतिकडे झालं की लोखंड वाया. त्यामुळे घरातही सगळं केसभर. पोळी वाकडी झाली तर खायचा, पण फिरवून फिरवून बघायचा आधी. शरदिनी म्हणायची, “खा हो. हिचं इंजिन नाही करायचंय.”

मूलबाळ नव्हतं त्यांना. त्याबद्दल दोघं बोलत नसत, आणि त्या झरोक्यातूनही ते कधी आलं नाही.

आता ती सराय कुठली, ते सांगते. ‘नीमवाली सराय’ नावाची मालिका होती टीव्हीवर, दर मंगळवारी संध्याकाळी. तेव्हा टीव्हीवर वाहिनी एकच आणि मालिका मोजक्या. एक जुनी धर्मशाळेसारखी सराय, अंगणात कडुलिंब. ती चालवणारी म्हातारी, तिला सगळे अम्मा म्हणत. हिशेब ठेवणारा एक लंगडा मुन्शी. टांगेवाला गफूर आणि त्याचा घोडा. अम्माचा मुलगा बिसन पहिल्याच भागात भांडून घर सोडून गेला. तेव्हापासून अम्मा सरायच्या दाराला कडी लावत नसे. तो कधीही आला तर दारात ताटकळायला नको, म्हणून. बस, एवढीच गोष्ट. दर मंगळवारी कुणीतरी वाटसरू यायचा, जेवायचा, आपलं दुःख सांगायचा, जायचा. आणि अम्मा दाराकडे बघायची.

शेवटच्या आधीच्या भागात धो धो पाऊस. अम्मा चुलीपाशी. आणि दारावर थाप पडते. अम्मा मान वर करते. तिथेच संपलं. पुढच्या मंगळवारी शेवटचा भाग.

त्यात गुरुवारी साताऱ्याहून फोन आला, दाजीकाका गेले. बाळनं आपलं उपरणं टीव्हीवर टाकलं, फोटोला हार घालतात तसं.

महाराष्ट्रात कुणी गेलं की अस्थी घेऊन नातलग काशीला येतात, आणि आले की उतरतात आपल्याकडे. तसे दाजीकाकांचे पुतणे श्रीनिवास आले. राजा घाटाजवळून नाव करून अस्थी सोडून आले, जेवायला बसले. मीही होते वाढायला. बोलता बोलता म्हणाले, “तुम्ही दहा दिवस धरलंत? का हो? तुम्हाला तीन दिवसांचं. आपला दुवा आठव्या पिढीतला.”

बाळ हसला. “सहाव्या.”

“आठव्या हो. मोजा ना.”

बाळनं बोटांवर नावं मोजली. आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. एक काशीनाथ आजोबा, एक काशीनाथ नातू. बाळनं दोघांना एकच माणूस धरलं होतं, आणि मधली माणसं गिळली होती. श्रीनिवासांनी दोन्ही काशीनाथ वेगळे करून दाखवले. तीन दिवसांचं, म्हणजे रविवारीच मोकळे. मंगळवारी सुतक नव्हतंच.

शरदिनी वरण घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं आता हे वरण कुणाच्या तरी डोक्यावर जाणार. तिनं पाहुण्यांना वाढलं, मग नवऱ्याला वाढलं, “तूप?” म्हणून विचारलं. बस. त्या विषयावर त्यानंतर त्या दोघांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

ती मालिका पुन्हा कधी लागली नाही.

मग वर्षं गेली. ती कशी जातात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. बाळ निवृत्त झाला. शरदिनीला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही. ती साड्यांना फॉल लावायची, ते सुटलं. तांदूळ निवडायची, ते सुटलं. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं, मग तेही गेलं.

बाळ तिच्यासाठी टीव्ही लावायचा. एक दिवस ती म्हणाली, “बंद करा तो. या बायका सगळ्या एकाच आवाजात ओरडतात. कोण सासू, कोण सून, कळत नाही.” मग म्हणाली, “आपल्या अम्माचं तसं नव्हतं. ती गप्प बसली तरी कळायचं.”

एवढंच म्हणाली. बाळ उठला, चप्पल घातली आणि खोजवाँकडे गेला. तिकडे लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून हलक्या लाकडाचे चार तुकडे आणले. कारखान्यातली पटाशी, कानस, सगळं पेटीतून काढलं. मी विचारलं, “काय रे, पाळणा करतोस का कुणाचा?”

“अम्मा करतोय, माई.”

वीतभर उंचीची बाहुली. पण बाहुली म्हणायची नाही. खांदा, कोपर, गुडघा, मान, सगळे सांधे फिरणारे. आतून सायकलच्या ट्यूबचं रबर ओवलेलं. चेहरा लाकडावर एम-सीलचा, नळ गळतो तेव्हा मळून लावतात ना, ती लुगदी. शरदिनीच्या जुन्या सुती साडीचं लुगडं. आणि डोळे तर असे रंगवले, कितीतरी दिवस, बारीक कुंचल्यानं, की माझ्याकडेच बघतेय असं वाटावं.

शरदिनीच्या हातात दिली. तिनं पायापासून वर बोटं फिरवत नेली. लुगडं ओळखलं, हसली. चेहऱ्यावर आली आणि थांबली.

“अहो, हिला डोळे नाहीत?”

बाळचं तोंड बघवेना. रंगाला बोट लागून काय कळणार? सगळं आयुष्य केसभर मोजलेला माणूस, आणि हे मोजायचं राहिलं. त्यानं बाहुली परत घेतली, रंग खरवडला. पापण्या उचलून केल्या, बुबुळाला फुगीर टेकाड, कपाळाला आठ्या, गालाला खळगा. परत दिली.

“डावा खांदा खाली हवा,” शरदिनी म्हणाली. “ती त्या खांद्यावर घागर घ्यायची.”

“कधी घेतली घागर तिनं?”

“तुमचं लक्ष मुन्शीच्या हिशेबात असायचं. मी बघत होते.”

अशी ती सराय उभी राहिली. हिचे डोळे तीस वर्षांपूर्वीचे, त्याचे हात आत्ताचे. ती सांगायची, तो करायचा, ती बोटांनी तपासायची, नापास करायची. गफूरचा घोडा तर इतक्या वेळा नापास झाला की मी म्हटलं, “शरदिनी, अगं गाढवालासुद्धा पुढच्या वर्गात घालतात.” अंगण केलं एका मोठ्या पाटावर. कडुलिंब खरीखुरी वाळलेली फांदी. चुलीत खरी राख, बोट घातलं की मऊ लागावी म्हणून. विहिरीत पाणी. आणि दार. दारावर त्यांचे दोन महिने गेले असतील. ती म्हणायची, दार करकरायचं. बाळनं पितळी बिजागरी लावली, ती मुकी. लोखंडी लावली, ती किंचाळायची. शेवटी बांबूची खुंटी करून तीवर दार फिरवलं, तेव्हा शरदिनीनं मान हलवली. “हं. हे ते.” दाराला कडी केली नाही. ते दोघांनाही सांगावं लागलं नाही.

पुण्याहून त्याची भाची ऋता फोनवर चित्र बघून ओरडली, “मामा, हे कस्टम ॲक्शन फिगर आहेत! आणि मागचा तो सगळा डायोरामा! लोक यासाठी वेडे असतात.”

“आम्ही देखावा म्हणतो,” बाळ म्हणाला. “गणपतीत करतो. वेडे आम्हीही असतो.”

कोपऱ्यावरचा पानवाला त्याला चिडवायचा, “का गुरु, बुढ़ापे में गुड़िया खेलत हउआ?”

“खेल नाहीं,” बाळ म्हणायचा. “ड्यूटी हौ.”

दर मंगळवारी संध्याकाळी खेळ लागायचा. पाट चौरंगावर. शरदिनी समोर, दोन्ही तळवे पुढे, जेवणाची वाट बघत बसावं तशी. मी बाजूला. बाळ एकेक भाग लावायचा, पहिल्यापासून. म्हणजे आम्हा तिघांना मिळून जेवढा आठवेल तेवढा. माणसं जागेवर ठेवायचा, हात-पाय त्या प्रसंगाचे करायचा, आणि शरदिनीची बोटं हळूच फिरायची. “मुन्शी रुसलाय वाटतं. मान बघा कशी केलीत.” बाळ मुन्शीचा आवाज काढायचा, तो मुन्शीचा कमी आणि आमच्या घरमालकाचा जास्त व्हायचा. आम्ही हसायचो. पण अम्माचा आवाज त्यानं कधी काढला नाही. ती बोलायची तेव्हा तो गप्प बसायचा, आणि शरदिनी बोलायची.

बाहेर जाताना बाळ आता घराच्या दाराला कडी लावत नसे. नुसतं ओढून घ्यायचा. शरदिनीला चाचपडत उठायला नको. एकदा त्यातून वानर शिरला आणि मुन्शीला उचलून छतावर घेऊन गेला. बाळ खाली अंगणात, हातात केळं. वानर वर, हातात मुन्शी. बराच वेळ दोघांची बोलणी चालली होती. शेवटी मुन्शी वरून पडला, पण एक पाय घोट्यापासून गेला. शरदिनीनं बोटानं चाचपून पाहिलं. “असू द्या. तसाही लंगडाच होता.” मी म्हटलं, आता तरी कडी लाव बाबा. त्यानं झरोक्याला जाळी लावली, खिडकीला लावली. दाराला कडी लावली नाही.

मग एका चैत्रात त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौरीपुढे आरास म्हणून बाळनं सराय मांडली. आमच्या वरच्या मजल्यावर बकुळ राहते, बँकेतल्या एका मुलाची बायको, नागपूरची, नवी. तिच्या हातात कोयरी दिली. ती बिचारी भराभर सगळ्यांना लावत गेली, गौरीला लावलं, आणि त्याच ओघात अम्मालाही हळद-कुंकू लावलं. जुन्या बायका एकदम गप्प. अम्मा विधवा होती ना. मालिकेत तिचं कपाळ मोकळं असायचं, ते सगळ्यांना ठाऊक. कुणीतरी बकुळच्या कानात सांगितलं. ती रडवेली झाली, पदरानं पुसायला निघाली.

मी बाळकडे बघितलं. हा तो माणूस, ज्यानं न लागणारं सुतक दहा दिवस पाळलं. सुपारी उजव्या हातानं दिली की डाव्या, हे बघणारा. आता काय म्हणतो?

शरदिनीनं बोट पुढे केलं. अम्माच्या कपाळावरचं ओलं कुंकू तिच्या बोटाला लागलं. “कुणी लावलं?”

“मी, काकू. चुकलं माझं.”

“राहू दे. किती वर्षांत कुणी तिला बोलावलंच नव्हतं.”

हळदीकुंकू संपल्यावर सगळी माणसं पुसून पेटीत ठेवायची त्याची रीत होती, त्यानं सगळ्यांना पुसलं. अम्माला नाही. मी बाजूलाच बसले होते, माझंही कपाळ मोकळंच. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही.

अशी मंगळवारामागून मंगळवार करत गोष्ट त्या पावसाच्या भागापर्यंत आली. अम्मा चुलीपाशी, दारावर थाप, अम्माची मान वर. बाळनं तिची मान वर केली, आणि तिथेच सगळं थांबलं.

“पुढच्या मंगळवारी शेवटचा ना?” शरदिनी म्हणाली.

“दारातला माणूस करायचाय अजून.”

“मग करा.”

करणार कसा? कोण होतं ते माहीतच नव्हतं. बाळ गल्लीत विचारत सुटला. पानवाला म्हणाला, “अरे, बेटवा रहल, अउर के!” त्याचा स्वतःचा मुलगा सुरतेला जाऊन बसलाय, कधी येत नाही. निवृत्त सुमंत मास्तर म्हणाले, पोलीस होता, मुलाच्या मरणाची बातमी घेऊन आला होता, मला स्पष्ट आठवतं. संकठा घाटाच्या वाटेवर नंदाताई राहतात, त्या म्हणाल्या, कुणीच नव्हतं, वारा होता, आणि अम्मा दार उघडून पावसात उभी राहते. तिघांनी शपथेवर तीन वेगळी माणसं सांगितली. ऋतानं कॉम्प्युटरवर जंग जंग पछाडलं. तिला कडुलिंबाचं एक धुरकट चित्र मिळालं, बाकी काही नाही. फिती पुसल्या गेल्या असतील, असं कुणीतरी तिला सांगितलं.

मंगळवार यायचे, जायचे. बाळ जुनेच भाग परत लावायचा. शरदिनी मागे लागली नाही. पण प्रत्येक वेळी खेळ संपला की तिची बोटं त्या दारापर्यंत जायची, आणि बाहेरच्या रिकाम्या जागेवर जरा थांबून परत यायची.

पावसाळ्यात बाळला जिन्यावर धाप लागू लागली. डॉक्टरनं तपासून हृदयाचं सांगितलं, मोठा खर्चिक उपाय सांगितला, आणि वयही सांगितलं. बाळनं औषधाच्या गोळ्या घेतल्या, बाकी घेतलं नाही. शरदिनीला सांगितलं, दमा आहे. तिनं ऐकून घेतलं. आंधळी झाली होती, बहिरी नव्हती. रोज त्याचा श्वास ऐकत होती.

एकदा तो जिन्यात बसला होता, मी पाणी दिलं. म्हणाला, “माई, मला आता घाई आहे.”

“कसली?”

“माझ्या हातून तिचा एक मंगळवार गेला. मी जायच्या आत तो तिला मिळायला हवा. आणि मला त्या माणसाचं तोंड माहीत नाही.”

“कुठलंही कर. तिला काय कळणार?”

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पाण्याचा गडू उचलून आत गेले.

देवदिवाळीच्या आसपासचा मंगळवार. घाटांवर गर्दी, बाहेर फटाके. त्यानं पाट मांडला. दाराबाहेर नवा माणूस उभा केला होता, खांद्यावर घोंगडी, हातात बोचकं, गुडघे जरा वाकलेले. चेहऱ्याच्या जागी नुसता एम-सीलचा गोळा, आत्ताच मळलेला, मऊ.

बाळनं तो माणूस शरदिनीच्या हातात दिला. तिची बोटं चेहऱ्याशी आली, रुतली, ती दचकली.

“हे ओलंय.”

“थोड्या वेळात घट्ट होईल. तूच कर तोंड. मला माहीत नाही कोण होता. कुणालाच धड माहीत नाही.” मग म्हणाला, “माझी चूक झाली, शरदिनी. मी पिढ्या चुकीच्या मोजल्या.”

तीस वर्षांनी म्हणाला. मला उठून जावंसं वाटलं, पण गुडघे माझे, पटकन उठवतात थोडेच.

शरदिनी तो माणूस तसाच धरून बसली. “अहो, तो बिसन नव्हता, एवढं तर मला तेव्हाच कळलं होतं.”

“कसं?”

“बिसन थाप कशाला मारेल? दाराला कडी नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो ढकलून आत आला असता. थाप मारली म्हणजे परका.”

बाळ बघतच राहिला. मीसुद्धा. एवढी साधी गोष्ट, आणि अख्खी गल्ली पालथी घातली होती.

“मग तुला बघायचं होतं तरी काय इतकी वर्षं?”

“अम्मालाही कळलंच असणार की हा तो नाही. थाप ऐकल्याबरोबर.” तिनं त्या माणसाची घोंगडी सारखी केली. “तरी ती उठली का? एवढंच बघायचं होतं मला.”

संकठेच्या देवळातली घंटा ऐकू येत होती, आणि बाळचा श्वास.

मग त्यानं चुलीपाशी बसलेली अम्मा उचलली आणि शरदिनीच्या दुसऱ्या हातात दिली. “तू सांग.”

तिनं अम्माला मांडीवर ठेवलं. आधी त्या माणसाचा चेहरा केला, घट्ट व्हायच्या आत. नाक चिमटीत धरून, गाल अंगठ्यानं दाबून, डोळ्यांना दोन खोलगट जागा. मी वाकून बघितलं, कुणासारखा होतोय ते. कुणासारखाच नव्हता. प्रवासानं दमलेला कुणीतरी. तो तिनं दाराबाहेर नेऊन ठेवला.

मग अम्मा. तिला चुलीपाशी परत बसवलं. आणि नुसती बसवून ठेवली, किती वेळ. मला वाटलं, नाही उठवत आता. बाळनं हात पुढे केला नाही. मग शरदिनीनं तिचा एक गुडघा सरळ केला. मग दुसरा. खाली झुकलेला खांदा तसाच ठेवून तिला अंगणातून, विहिरीला वळसा घालून, दारापर्यंत नेलं. अम्माच्या हातानंच दार ओढलं. करकरलं.

“आ जा, बेटा,” शरदिनी म्हणाली. अम्माचा आवाज. “दरवाज़ा तो खुला ही था.”

तिनं त्या माणसाला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं, आणि हात पुसले.

खरी मालिका कशी संपली, मला ठाऊक नाही. ज्याला माहीत असेल त्यानं मला येऊन सांगू नये.

शरदिनी म्हणाली, “झालं. आता चहा करा.” बाळ चहा करायला उठला, आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ आला नाही. मी उठून आमच्या मोरीत गेले, तिथे झरोक्यातून मला ऐकू येत होतं, पण ते मी ऐकलं नाही.

त्यानंतर दोनेक महिने गेले असतील. मंगळवारी ते पुन्हा पहिल्या भागापासून सुरू झाले होते. मुन्शी पुन्हा रुसू लागला होता. माघातल्या एका सकाळी बाळ खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्या सकाळचं तेवढं सांगते.

धुकं होतं. तो दुधाचा डबा घेऊन निघाला, मफलर कानावरून बांधलेला. दार ओढून घेतलं, नुसतं. अंगणात मी चटईवर सांडगे घालत होते.

“माई, वरच्या छतावर वानर बसलेत. तुझ्या सांडग्यांवर नजर आहे.”

“बसू देत. मुन्शी दे त्यांना.”

“मुन्शी ड्यूटीवर आहे,” म्हणाला आणि जिन्याशी जरा थांबून, भिंतीला हात लावून, गेला.

दूधवाल्या लल्लनशी रोजचं झालं. गल्लीच्या तोंडाशीच त्याचं दुकान, आवाज आमच्यापर्यंत येतो. “आज गंगा-मइया केतना मिलवला?” दुधात पाणी किती, असं बाळनं विचारलं. “आज त ठंड में नहइबे ना कइली, चाचा, शुद्ध हौ,” लल्लन म्हणाला, म्हणजे थंडीत गंगेवर गेलोच नाही, पाणी कुठून घालू. दोघं हसले.

परत आला तेव्हा डब्यातून वाफ येत होती. माझ्या चटईजवळ आला, वर बघितलं, हातातली काठी छताकडे उगारली. वानर दोन पावलं मागे सरले. बाळनं आपलं दार खांद्यानं ढकललं.

“आलात?” आतून शरदिनी.

“आलो.”

डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग झाकण काढून उलटं ठेवल्याचा, नेहमी ठेवायचा तसा. आणि मागे वळून त्यानं दार लोटून घेतलं, नुसतं.